इंजिनाला हळद लागली तो आषाढ

परवा आमच्या पुतण्यानं त्याच्या ट्रॅक्टरचं झाकण उघडून आत पोपटी रंगाचं काहीतरी ओतलं. मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. म्हटलं, सरबत पाजतोयस का रे त्याला? तो हसला आणि मला समजावून सांगू लागला, की काकी, याला कूलंट म्हणतात, नुसतं पाणी घातलं तर इंजिन आतून गंजतं. मला सांगत होता! मी मान डोलावली, तांदळातला खडा बाजूला टाकला आणि तोंडात एकदम खारट चव आली. पस्तीसेक वर्षांपूर्वीची चव, पण इतकी ताजी की मी उठून चूळ भरली.

आषाढ आला की माझं असं होतं. लोकांना आषाढात गरम भजी आठवतात, माहेर आठवतं. मला इंजिन आठवतं.

आमचं गाव कोन. एका अंगाला कल्याण-भिवंडी रस्ता आणि दुसऱ्या अंगाला खाडी. आता तिकडे वडप्याला गेलं तर गोदामामागून गोदाम, आणि कंटेनर वळायची वाट बघत आपण रिक्षात बसलेले. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी नवी सून होते तेव्हा, रस्त्यावर उभं राहिलं की खाचरांतलं पाणी दिसायचं आणि त्या पाण्यात वाकलेल्या बायका. चिखलाचा वास यायचा, आणि त्यात मिसळलेला डिझेलचा धूर. अत्तर लावणाऱ्यांनी लावावं, मला तो वास अजून पुरतो.

मी भिवंडी शहरातली. माझे वडील कापड विणायच्या लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम चालू करून देणारे. झोपताना, जेवताना, अभ्यास करताना कानात खटाखट खटाखट. लूमची भाषा मला शाळेच्या आधी कळायला लागली. वडील म्हणायचे, आधी कान लाव, मग हात लाव. कोनला लग्न होऊन आले तेव्हा पहिले आठ दिवस मला झोपच लागेना. शांततेनं डोकं दुखायचं. मग एके सकाळी अंगणात आबांनी ट्रॅक्टर सुरू केला, आणि खरं सांगते, मला माहेरचं कुणी आल्यासारखं वाटलं.

आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी मिठागरात राबलेले, पायांच्या भेगांत मीठ बसून बसून टाचा पांढऱ्या पडलेल्या. माणूस कडक, पण शब्दाचा पक्का. ट्रॅक्टर त्यांनी जुनाच आणला होता, लाल रंग उडून विटकरी झालेला, एक दिवा नसलेला. गावातला तो पहिला ट्रॅक्टर नव्हता, दुसरा होता, पण पहिला कायम बंद असायचा, त्यामुळे मान आमच्याला. ह्यांची कल्याणला कारखान्यात ड्युटी, त्यामुळे ट्रॅक्टर आबाच चालवत. आणि इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्यावर ते अशी नजर ठेवत, जशी सासूबाई नातवंडांवरही ठेवत नसतील. चिखलणीत, म्हणजे लावणीआधी खाचर ढवळताना, इंजिनाला फार ओढावं लागतं. लोखंडी चाकं चिखलात फिरतात, काटा लालकडे सरकतो, आणि आबांचा चेहराही त्याच रंगाकडे.

आमच्याकडे आवणीला, म्हणजे भातलावणीला, दिघाशीच्या बाजूच्या एका पाड्यावरून माणसं यायची. त्यांची मुकादम बारकी. चाळिशीची, काटक, बोलायला थोडी आणि हाताला एवढी वेगवान की तिच्या शेजारी रोप लावायला बसलं की आपण पाहुणे वाटायचो. त्या वर्षी चैत्रात तिचा एक बैल गेला होता. उरलेल्या एकट्या बैलानं चिखलणी होत नाही. तेव्हा आबांनी आणि तिनं सावड ठरवली. तिच्या माणसांनी आठ दिवस आमची आवणी करायची, आणि त्याच्या बदल्यात आमच्या ट्रॅक्टरनं तिची खाचरं चिखलून द्यायची. त्यांनी आपली बाजू चोख पाळली. आमचं शेवटचं खाचर लावून झालं तेव्हा बारकीनं कंबर सरळ करत विचारलं, कवा येनार? आबा म्हणाले, शनिवारी. ती बरं म्हणाली आणि माणसांना घेऊन एसटीनं निघून गेली. तिची भाताची रोपं राबाच्या वाफ्यात पंचवीस दिवसांची झाली होती. अजून आठवडाभर लांबलं तर रोप आतून गाठ धरतं, मग कितीही लावा, फुटवे येत नाहीत. वर्षाचा भात जातो.

ती मंगळवारी गेली. गुरुवारी सकाळी आबा ट्रॅक्टर तपासायला बसले, आणि इंजिनाखाली हे एवढं डबकं. वाफेचा सुर्रकन आवाज आणि काटा लालच्या पार पलीकडे.

मग जे झालं ते गावातल्या प्रत्येकाला आठवत असेल, कारण प्रत्येक जण येऊन काहीतरी सांगून गेला. एक म्हणाला पाईप गेला. पाईप बदलला. दुसरा म्हणाला क्लिपा ढिल्या. क्लिपा आवळल्या. तिसरा म्हणाला पाण्याचा पंप गेला, आता मोठं काम, महिनाभर विसरा. आणि ह्या सगळ्या गडबडीत आकाशातून धो धो पाणी, अंगणात घोट्याएवढं पाणी, खाचरांत पाणी, खाडी भरतीला आलेली, आणि एवढ्या पाण्याच्या मधोमध एक इंजिन तहानेनं उकळत होतं. मला त्याची दया यायची की हसू यायचं, कळेना.

दुपारी सासूबाईंनी आपला उपाय काढला. रेडिएटरला बारीक भोक पडलं तर हळद घालतात, हा ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा. हळद फुगते आणि भोकात जाऊन बसते. त्यांनी डबा आणला आणि चमचा-दोन चमचे नव्हे, चांगली ओंजळभर हळद आत ओतली. शेजारच्या बायका जमल्या. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे भिवंडी तालुक्यात कुणाला सांगायला नको. लगेच एकीनं सुरुवात केली, नवरा कोन हाय गं, नवरी कुठली? दुसरी म्हणाली, नवरा म्हातारा हाय, एक डोला बी न्हाय. ढोलच तेवढा वाजायचा राहिला. मी पदरात तोंड लपवून हसत होते आणि मनात दिवस मोजत होते, कारण मधे फक्त शुक्रवार होता.

मी आबांना म्हटलं, पाड्यावर निरोप पाठवू या, दोन दिवस उशीर होईल म्हणून. सकाळची एसटी धरून मी स्वतः जाऊन येते. आबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आपन जानार हाव. न जायाचा निरोप मी कोनाला पाठवलेला न्हाय."

हळदीनं गळती थांबली नाही. पण इंजिन पुन्हा सुरू केलं तेव्हा थेंब पिवळे पडायला लागले. सगळे हळहळले, आणि मी मात्र तिथे ताडकन उभी राहिले. कारण पाण्याला रंग नसतो, ते कुठून निघतं आणि कुठून टपकतं याचा पत्ता लागत नाही. पावसात तर नाहीच. पण हळद लपून राहत नाही! मी गोणपाट अंथरून चिखलात आडवी झाले, नवी सून, आणि खालून बघायला लागले. टपकत होतं पंपाच्या खाली, म्हणून सगळे पंपाला नावं ठेवत होते. पण पिवळा ओघळ पंपाकडून येतच नव्हता. तो इंजिनाच्या कडेकडेनं मागून येत होता, एक बारीक पिवळी रेघ, कुणी करंगळीनं ओढावी तशी. ती रेघ जाऊन शिरली होती सेल्फच्या मागे, म्हणजे इंजिन सुरू करते त्या मोटरच्या मागे.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. आबा धावत आले.

सेल्फ सोडवायला तीन बोल्ट. दोन आबांनी काढले, तिसरा हात शिरेना म्हणून मी काढला. मागे इंजिनाच्या अंगात रुपयाहून मोठं एक गोल भोक आणि त्याच्यावर वाटीसारखं बसवलेलं पत्र्याचं झाकण. इंजिनाच्या आत पाणी खेळायला पोकळी असते, तिची ही बाजूची झाकणं. मेकॅनिक त्यांना डमी म्हणतात. ह्या डमीला कडेनं टाचणीएवढी भोकं पडली होती, तिथून पिवळं पाणी पाझरत होतं. आणि भोकांभोवती पांढरी खरपुडी. चुन्यासारखी. मी नखानं खरवडली आणि, वेडेपणा म्हणा, जिभेला लावली.

मीठ होतं.

मी आबांकडे बघितलं. आबा आपल्या टाचांकडे बघत होते. मिठागरात जवानी गेलेल्या माणसाला ती खरपुडी ओळखायला जीभ लावायची गरज नव्हती.

"खाडीचं पानी मीच घालीत व्हतो," ते म्हणाले. "गोडं पानी उन्हात लगीच आटतं. खारं आटत न्हाय. म्हनलं, इंजिनात बी टिकंल."

मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट माझ्या अंगावर काटा आला, कारण ते खरंच होतं! मिठागरात त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं, की डबक्यातलं पावसाचं पाणी दुपारपर्यंत नाहीसं होतं आणि मिठाच्या कोंडीतलं दाट खारं पाणी दिवस दिवस हलत नाही. सबंध आयुष्याचं शहाणपण त्यांनी विश्वासानं त्या इंजिनात ओतलं होतं. फक्त मिठाला लोखंड खायची सवय आहे, एवढंच त्यांच्या हिशेबात आलं नाही. आणि मिठागरात लोखंड असतंच कुठे? फावडी लाकडाची. अशी चूक करायला माणूस खाडीकाठचाच लागतो. मला अजूनही वाटतं, अडाणी माणसाच्या हातून इतकी हुशार चूक होऊच शकत नाही.

डमी काढताना तिचा चुरा झाला. नवी मिळणं कठीण, इंजिन जुनं. आणि दुसरा दिवस शुक्रवार.

शुक्रवार म्हणजे काय ते भिवंडीकराला विचारा. लूमची सुट्टी. आठवडाभर जे गाव एकमेकांशी ओरडून बोलतं ते शुक्रवारी हळू बोलायला लागतं. गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो आणि दचकायला होतं. दुकानं बंद, लेथ बंद. पण माझ्या माहेराच्या गल्लीत याकूबचाचा राहायचे. कोकणी मुसलमान, आमच्यापेक्षा आधीपासून भिवंडीत, आमच्या वडिलांचे दोस्त. त्यांच्या लेथवर लूमचे भाग घडायचे. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यांच्या दारात हजर. हातात फडक्यात गुंडाळलेली कपडे धुवायच्या साबणाची वडी.

त्यांना वाटलं भेट आणली. मी फडकं सोडून दाखवलं. डमीचा चुरा झाला, माप कसं न्यायचं, म्हणून मी ओल्या साबणाची वडी त्या भोकात दाबून ठसा घेतला होता. चाचा इतके हसले की आतून चाची बाहेर आल्या. म्हणाले, "पोरी, सारा जनम लोखंड मोजलं, साबन आज पहिल्यांदा मोजतो हाय." पण मोजला. चार ठिकाणी मोजला, वही काढून लिहिलं, आणि म्हणाले, नमाजनंतर लेथ चालू करतो. सुट्टीचा एक शब्द काढला नाही.

दुपारी सगळ्या गल्लीत एकच यंत्र चालू होतं. लूमच्या भंगारातला जाड पितळी तुकडा फिरत होता, सोनेरी कीस वेटोळी होऊन खाली पडत होता, आणि मी तिथे उभी राहून बघत होते. किती वेळ गेला कळलं नाही. दागिने घडताना बघितलेत मी, एवढा आनंद नाही झाला. चाचांनी कडेला थोडा उतार दिला, म्हणजे ठोकला की घट्ट बसेल, आणि मधे एक बारीक खाच पाडली. खाचेत लूमचं सूत गुंडाळ, वर सांधे बुजवायचा सफेदा लाव, म्हणाले. पितळ मीठ सोसतं, पण तरी सासऱ्याला सांग, आता गोडंच पाणी. हे शेवटचं वाक्य ऐकून मी चपापले. मी कुणाचं नाव घेतलंच नव्हतं. भिवंडीत खाडीकाठची माणसं काय करतात ते चाचांना ठाऊक होतं, एवढंच.

पितळेचा तो तुकडा मी एसटीत मुठीत धरून आणला. अजून ऊब होती त्यात, की माझ्याच हाताची होती कोण जाणे.

संध्याकाळी उजेड होता तोवर काम उरकलं. भोकाची कड घासली, सूत गुंडाळलं, सफेदा लावला. आबांनी लाकडाचा ठोकळा धरला आणि हातोडी माझ्याकडे दिली. तुज्या मापाची हाय, तूच बसव, म्हणाले. चौथ्या ठोक्याला आवाज बदलला. पोकळ होता तो भरीव झाला, आणि मला कळलं, बसली. बाकीच्या डम्यांवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून कान लावला, त्या शाबूत होत्या. मग इंजिनाला अंघोळ. घरातल्या, शेजारच्या सगळ्या बायका विहिरीवरून हंडे आणायला लागल्या. आत ओतायचं, खालच्या नळानं सोडायचं. पहिलं पिवळं आलं, मग तांबूस गंजाचं, मग निवळ. प्रत्येक वेळी मी बोट लावून चाखायचे आणि बायका माझ्या तोंडाकडे बघत उभ्या. सहाव्या वेळी चव लागली नाही. नुसतं पाणी लागलं. पाण्यासारखं पाणी, आणि त्याचा मला एवढा आनंद झाला की मी तिथेच घोटभर प्यायले असते.

इंजिन सुरू झालं. आम्ही सगळे काट्याकडे बघत उभे. काटा मधे आला आणि तिथे थांबला. खाली गोणपाट कोरडं. सासूबाईंनी इंजिनाला हळदीचं बोट लावलं, या वेळी बाहेरून.

शनिवारी उजाडताच निघालो. आबा सीटवर, मी बाजूच्या मडगार्डवर, मागे ट्रॉलीत लोखंडी चाकं आणि गोड्या पाण्याचे दोन डबे. भिवंडी ओलांडली तेव्हा लूम सुरू झाले होते, सगळं गाव खटाखट करत होतं. गावाबाहेर पाऊस थांबला, डोंगरावरून ढग खाली उतरलेले, रस्त्याच्या कडेनं ओहोळ पळत होते. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण सासऱ्यापुढे म्हणायचं कसं? मग मी मनातल्या मनात म्हटलं, आणि इंजिनानं ताल धरला. तेवीस वर्षांची होते. त्याआधी आणि त्यानंतरही मी अनेकदा सुखी झाले असेन, पण आपण सुखी आहोत हे त्याच वेळी कळणं फार थोड्या वेळा घडलं. त्या मडगार्डवर कळत होतं.

दहाच्या सुमाराला पाड्याखाली पोचलो. बांधावर बारकी आणि तिच्या दहा-बारा बायका बसल्या होत्या, पदर खोचलेले. मी उडी मारून उतरले आणि आधी राबाकडे बघितलं. रोपांना गाठ धरली का, तेवढंच बघायचं होतं. राब मोकळा होता. एक काडी उभी नव्हती. सगळी रोपं उपटून, मुठी बांधून, पाण्यात ओळीनं ठेवली होती. शेकडो मुठी.

उपटलेलं रोप दीड दिवस तग धरतं, फार तर दोन. मग ते जनावरांना घालायच्या लायकीचं उरतं.

मी बारकीला विचारलं, अगं, आम्ही आलो नसतो तर? ट्रॅक्टर बंद पडला होता, काल संध्याकाळपर्यंत आमचं आम्हालाच माहीत नव्हतं. तिला माझा प्रश्न कळलाच नाही. तिनं कपाळाला आठी घातली.

"आबा शनिवार म्हनलं व्हतं ना," ती म्हणाली. "आज शनिवार हाय."

आबांनी ऐकलं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. मुठींच्या ओळींकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग सगळ्या बायकांच्या देखत, ज्या माणसानं आयुष्यात कधी चारचौघांत चूक कबूल केली नव्हती, त्या माणसानं बारकीला सांगितलं, की इंजिन त्यांनीच बिघडवलं होतं. खाडीचं पाणी घालून. तुजा भात मी घालवलाच व्हता, म्हणाले, सुनेनं वाचवला.

बारकीनं ते ऐकून घेतलं. तिला त्यात काही विशेष वाटलं असं दिसलं नाही. तिनं वाकून दोन्ही हातांत मुठी उचलल्या, आणि खाचराकडे चालायला लागताना मागे वळून म्हणाली, "मंग आता चालतो ना? चला की. रोप वाट बघतं."

आबा सीटवर चढायला गेले, तर त्यांचा पाय पायरीवर ठरेना. मी हात दिला. त्यांनी तो धरला.